जावयाचं घराणं आणि आज्यांचा कारभार

गोदाकाठची

मुघल स्वतःला मुघल म्हणवून घेत नसत, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. घराण्याचं नाव विचारलं तर ते ‘गुरकानी’ सांगत. गुरकान म्हणजे काय, हे मात्र मला अगदी अलीकडे कळलं. मूळ मंगोल शब्द ‘गुरेगेन’ आणि अर्थ सरळसोट: जावई! काबूलपासून दख्खनपर्यंत ज्यांचा दरारा, ते घराणं आपली ओळख ‘आम्ही जावयाचे वंशज’ अशी करून देत होतं. आपल्याकडे घरजावई म्हटलं की माणसाची मान खाली जाते. यांनी तीच पदवी नाण्यांवर पाडली.

जावई कुणाचा, तर चंगीझखानाच्या घराचा. मुघलांचा मूळपुरुष तैमूर बरलास टोळीचा अमीर. चंगीझचं रक्त अंगात नाही, म्हणून ‘खान’ म्हणवून घ्यायची सोय नाही. गादीवर नावापुरता एक खान बसवायचा आणि कारभार आपण करायचा, असं त्यानं वर्षानुवर्षं चालवलं. 1370 मध्ये बल्ख पडलं. तैमूरचा एके काळचा साथीदार आणि मेहुणा अमीर हुसेन मारला गेला. हुसेनच्या जनान्यात सराय मुल्क खानम होती, चगताई शाखेच्या काझान खानाची मुलगी, म्हणजे थेट चंगीझच्या रक्ताची. तैमूरनं तिच्याशी लग्न केलं आणि तो ‘गुरकान’ झाला. पुढे त्याचा नातू उलुगबेगही चंगीझी मुलगी करून गुरकान झाला. त्यानं समरकंदच्या वेधशाळेत 1,018 ताऱ्यांची कोष्टकं बनवून घेतली, त्यांचं नावसुद्धा ‘झीज-इ-गुरगानी’. आकाशातल्या ताऱ्यांनासुद्धा सासुरवाडीचा टिळा!

आता मुद्द्यावर येते. मध्य आशियातल्या राजस्त्रिया म्हटलं की लोक ‘पडद्याआडून सूत्रं हलवणाऱ्या राण्या’ असं काहीतरी लिहितात. मी जे वाचलं त्यावरून माझं मत वेगळं झालंय. या घरात खरी सत्ता आजीची होती, नवऱ्याच्या मर्जीतल्या राणीची नव्हे. तैमूर नातवंडं जन्मली की ती आईबापांकडून काढून आपल्या बायकांकडे वाढवायला द्यायचा. सराय मुल्कचं स्वतःचं मूल जगलं नाही, पण तैमूरचा मुलगा शाहरुख तिच्या हाताखाली वाढला, मग शाहरुखचा मुलगा उलुगबेग वाढला, दुसरा नातू खलील सुलतानही तिथलाच. पुढच्या राजाला घोड्यावर कोण बसवतं, कुणाकडे जेवायला पाठवतं, कुणाविरुद्ध कान भरतं, हे ज्या तंबूत ठरतं त्या तंबूची मालकीण ती. हे खातंच तिच्याकडे होतं म्हणा ना.

1404 च्या शरद ऋतूत क्लाव्हिहो नावाचा स्पेनच्या कास्तील राज्याचा वकील समरकंदला पोचला. त्यानं सराय मुल्कला मेजवानीच्या तंबूत येताना पाहिलं आणि सगळं टिपून ठेवलं. लाल रेशमी, जरीकाम केलेला घोळदार झगा, इतका लांब की मागचा घोळ उचलायला पंधराएक बायका. चेहऱ्यावर उन्हापासून बचाव म्हणून सफेद्याचा असा जाड लेप, की तो कागदाचा मुखवटा वाटावा. डोक्यावर शिरस्त्राणासारखं उंच लाल मुकुटवजा काहीतरी, त्यावर रत्नं, टोकाला पिसांचा तुरा. ती चालली की तुरा डुलायचा. सोबत तीनशेच्या आसपास बायका. येऊन ती तैमूरच्या किंचित मागे बसली आणि मग बाकीच्या बायका आपापल्या मानानुसार उतरत्या क्रमानं बसल्या. पंगतीत कोण कुठे बसलं यावरून कुणाचं किती चालतं ते कळतं, हे आपल्याला काय सांगायला हवं!

गोहरशादबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. कुकर झालाय.

कढीपत्ता

पहिला नंबर! वाचनखूण साठवली. कुकर उतरवून लगेच या, नाहीतर दर वेळेसारखा धागा अर्धवट राहील.

दूरदेशी

छान धागा. मी दोन वर्षांपूर्वी समरकंदला गेलो होतो. बीबी खानम मशिदीत आमच्या गाईडनं पाऊण तास फक्त चुंबनाची गोष्ट सांगितली. तैमूर मोहिमेवर, राणी मशीद बांधून घेतेय, वास्तुविशारद तिच्या प्रेमात, ‘एक मुका द्या तर काम पुरं करतो’, गालावर डाग उठतो, वगैरे. सगळे फोटो काढत होते. बीबी खानम म्हणजेच ही सराय मुल्क, हे मला आज तुमच्या धाग्यावरून कळतंय. पैसे परत मागायला हवेत.

अंगणात दगडाची एक अवाढव्य घोडी आहे, कुराण ठेवायची. मूल व्हावं म्हणून बायका तिच्याखालून रांगत जातात अशी समजूत आहे. जिला स्वतःचं मूल नव्हतं तिच्या नावाच्या मशिदीत! हे तेव्हा डोक्यात आलं नाही, आता आलं.

गोदाकाठची

दूरदेशी, त्या चुंबनाला काही आधार नाही. मशीद तैमूरनं बांधली, दिल्ली लुटून परत गेल्यावर 1399 मध्ये काम सुरू केलं. दगड ओढायला इथून नेलेले 95 हत्ती होते. क्लाव्हिहोनं ऐकलं ते असं, की मशीद खानमच्या आईच्या स्मरणार्थ होती. म्हणजे सासूच्या नावानं! पुढचा दरवाजा ठेंगणा वाटला म्हणून तैमूरनं तो पाडून परत बांधायला लावला. तेव्हा त्याला उभंही राहवत नव्हतं, पालखीतून यायचा आणि पायाच्या खड्ड्यात काम करणाऱ्या लोकांकडे वरून मांसाचे तुकडे फेकायचा, चांगलं काम दिसलं तर नाणी. हे सगळं त्या वकिलानं डोळ्यांनी पाहिलेलं. एवढा मसाला असताना गाईड लोकांना मुका का लागतो कोण जाणे.

आता गोहरशाद. शाहरुखची बायको, उलुगबेग आणि बायसुंगुरची आई. ही चंगीझी नव्हती. बाप घियासुद्दीन तरखान. तरखान म्हणजे चंगीझखानाचा जीव वाचवल्याबद्दल ज्यांच्या पूर्वजाला सनद मिळाली ते घराणं: कर माफ, दरबारात न विचारता शिरायची मुभा, नऊ गुन्ह्यांपर्यंत शिक्षा नाही. तिचे भाऊ शाहरुखच्या सैन्यातले मोठे अमीर. म्हणजे माहेर नुसतं नावाचं नव्हतं, तलवारीसकट होतं. मशहदला इमाम रझाच्या दर्ग्याला लागून तिनं स्वतःच्या मालमत्तेतून मशीद बांधली, 1418 मध्ये पुरी झाली. वास्तुविशारद कवामुद्दीन शिराझी. दर्शनी कमानीवरचा लेख तिच्या मुलानं, बायसुंगुरनं, स्वतःच्या अक्षरात लिहिला. आईचं बांधकाम, लेकाचं हस्ताक्षर. निळ्या फरशीवर पांढरी अक्षरं, फोटो जरूर शोधा.

पण माझा मुद्दा नातवंडांचा. उलुगबेग समरकंदला सुभा सांभाळत होता आणि त्याचा मुलगा अब्दुल लतीफ शाहरुखच्या राजधानीत, हेरातला, आजीपाशी वाढत होता. आजीचा जीव मात्र दुसऱ्या नातवावर, बायसुंगुरच्या अलाउद्दौलावर. लतीफला हे सलत गेलं आणि 1441 च्या सुमारास तो रुसून बापाकडे समरकंदला निघून गेला. शाहरुखला फार लागलं. मग ही आजी हेरातहून उठून थेट समरकंदला गेली आणि नातवाला परत घेऊन आली. वाटेत अमू दर्या नदी आहे, हे गाडीत बसून पुण्याहून नाशिकला जाणं नव्हे.

बरं, रुसवा निघाला का? नाही. मार्च 1447 मध्ये शाहरुख मोहिमेवर असताना इराणातल्या रय इथे वारला. छावणीत गोहरशाद होती, लतीफही होता. तिनं फौज सांभाळायला लतीफला सांगितलं आणि गुपचूप निरोप पाठवला हेरातला, अलाउद्दौलाला. लतीफला संशय आला. त्यानं आजीलाच कैद केलं, तिचं सामानसुमान लुटलं आणि आजोबांचं प्रेत आणि कैदी आजी असं बरोबर घेऊन निघाला. निशापूरजवळ अलाउद्दौलाच्या माणसांनी त्याला गाठलं, आजी सुटली, नातू पकडला गेला. दोन वर्षांनी याच लतीफनं बापाचा, म्हणजे उलुगबेगचा, खून करवला. वेधशाळा बांधणाऱ्या माणसाचा शेवट या घरगुती भांडणाच्या धाग्याला धरून झाला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

शेवटचा बाक

ताई, लेख रंगतदार, पण मला एक खटकतं. तुमची सराय मुल्क लुटीत मिळालेली बाई आहे. नवरा मारला, बायको उचलली. तिला विचारलं होतं का कुणी? तीनशे वर्षांत पाच-सहा नावं सापडली म्हणजे ‘स्त्रियांची सत्ता’ होत नाही. तैमूर मेल्यावर खलील सुलताननं गादी घेतली तेव्हा त्याच आजोबांच्या विधवांना कुणाकुणाच्या गळ्यात बांधलं हे लिहा की. लेप आणि पिसं सांगून बाकीचं झाकू नका.

खडू-डस्टर

शेवटच्या बाकावरून नेहमी चांगला प्रश्न येतो, तीस वर्षांच्या मास्तरकीचा अनुभव. पण त्यांच्या प्रश्नाला वळसा घालून आधी एक मागचं नाव टाकतो. तैमूरच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधीची तेरकेन खातून, ख्वारझमच्या सुलतान मुहंमदची आई. (‘तेरकेन’ हे नाव नाही, पदवी आहे, ‘राणी’ अशा अर्थाची. त्यामुळे इतिहासात चार-पाच तेरकेन भेटतात आणि विद्यार्थी पेपरात त्यांची सरमिसळ करतात. सेल्जुक मलिकशाहची बायको ती वेगळी. समरकंदच्या काराखानी घराण्यातली. तिच्याशी वजीर निजामुलमुल्कचं उभं वाकडं, आणि त्यानं आपल्या राजनीतीच्या ग्रंथात बायकांना कारभारापासून लांब ठेवा असं एक प्रकरणच घातलं. ते वाचताना ही तेरकेन डोळ्यांसमोर ठेवायची.)

तर ख्वारझमची तेरकेन. किपचाक टोळीची मुलगी, आणि सुलतानाचं सैन्य बहुतांशी तिच्या माहेरच्या किपचाकांचं. तिची स्वतःची मोहोर, स्वतःचा दरबार, सात कारकून. त्या काळचा चिटणीस नसवी सांगतो, की एकाच बाबतीत आईचा आणि लेकाचा असे दोन उलटसुलट हुकूम आले तर अंमलदार दोन्हींवरची तारीख बघत आणि नंतरची असेल तो हुकूम पाळत. नाव कुणाचं ते बघत नसत. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा पोरं हसायची. मी म्हणायचो, तुमच्या घरी आई-बाबा दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर काय करता? तेच.

1218 मध्ये ओत्रारला चंगीझखानाचा साडेचारशे माणसांचा व्यापारी तांडा कापला गेला आणि मंगोलांचं वादळ आलं. तो ओत्रारचा सुभेदार या तेरकेनच्याच नात्यातला. सुलतानाला त्याला चंगीझच्या हवाली करणं जमलं नाही, कारण माहेरचे सरदार बिथरले असते. 1220 मध्ये ती राजधानी गुरगंज सोडून पळाली. जाण्याआधी तिथे ओलीस ठेवलेल्या निरनिराळ्या राजघराण्यांतल्या कैद्यांना तिनं मारून टाकलं, हेही विसरायचं नाही. माझांदरानच्या डोंगरात इलाल नावाच्या किल्ल्यावर आसरा घेतला. माझांदरान म्हणजे कोकणासारखं, पाऊस कधी चुकायचा नाही, म्हणून किल्ल्यावर पाण्याची वेगळी सोय कुणी फारशी केलेलीच नव्हती. मंगोलांनी वेढा घातला आणि पाऊस थांबला. टाकी कोरडी पडली. शेवटी ती शरण खाली उतरली आणि इतिहासकार जुवैनी लिहितो, त्याच दिवशी पाऊस कोसळला. पुढे तिला मंगोलियात नेलं, काराकोरमला कैदेतच बारा-तेरा वर्षांनी गेली.

कढीपत्ता

बापरे! पाऊस वाचून काटा आला. सर, आपल्याकडे गडावर आधी टाकी खोदतात मग तट बांधतात, ते उगाच नाही.

अवांतर: हे सगळं वाचताना मला सारखी ताराराणी आठवतेय.

पेठेतला

आली का ताराराणी! मध्य आशियाच्या धाग्यावर चौदाव्या मिनिटाला महाराष्ट्र. आता कुणीतरी जिजाऊ आणेल आणि धागा चारशे प्रतिसादांवर जाईल. तेवढं नको. तुलना करायचीच तर नीट करा: ताराबाईंनी फौजेचे डावपेच उघड स्वतः चालवले, गोहरशाद छावणीत असली तरी तिचा जोर निरोपांवर होता. दोन वेगळ्या गोष्टी.

खरा धागा जोडायचाच असेल तर येसूबाई आणि शाहू औरंगजेबाच्या छावणीत होते तेव्हा त्यांच्याकडे लक्ष ठेवणारी, शाहूवर माया करणारी झीनतुन्निसा आठवा. बादशहाची मुलगी, मुलखापासून लांब, छावणीत, आणि तरी तिच्या शब्दाला वजन. लग्न न झालेल्या शहजादीला स्वतःचा तनखा, स्वतःचे नोकर, बापाच्या तंबूत शिरायची मुभा. हे वळण दिल्लीत जन्मलेलं नाही, ते तंबूंतून आलंय.

गोदाकाठची

पेठेतला, तंबूंतून आलंय हे पटलं. प्रवासी इब्न बतूता आठवतो. 1330 च्या दशकात तो मंगोलांच्या सुवर्ण टोळीच्या उझबेग खानाच्या छावणीत होता, नंतर तोच दिल्लीला मुहंमद तुघलकाकडे आला. त्याला धक्का बसला तो याचा, की पट्टराणी तैदुला आली की खान उठून तंबूच्या दारापर्यंत जातो, तिचा हात धरून आणतो, आणि ती बसल्यावर मग स्वतः बसतो. सगळ्यांसमोर, पडदा नाही. प्रत्येक खातूनची वेगळी छावणी, वेगळे गाडे, वेगळे नोकर. नवऱ्यानं तोंड फिरवलं तरी हे मोडत नाही, कारण हे तिचं आहे.

आणि याच उझबेग खानाची नात, ख्वारझमची खानजादा, तैमूरची सून झाली. आधी जहांगीरशी लग्न, तो तरुणपणीच गेला, मग दिराशी, मीरानशाहशी. मीरानशाह अझरबैजानात वेड्यासारखा वागू लागला तेव्हा ही नवऱ्याला सोडून समरकंदला सासऱ्याकडे तक्रार घेऊन आली. हिंदुस्थानातून नुकताच परतलेला तैमूर पुन्हा पश्चिमेला निघाला. कारणं आणखी होतीच, पण मीरानशाहची सुभेदारी गेली ती गेलीच. हीच खानजादा पुढे क्लाव्हिहोला आपल्या मेजवानीत स्वतःच्या हातानं दारूचा प्याला देत होती आणि हा माणूस आयुष्यात दारू पीत नाही यावर तिचा काही केल्या विश्वास बसेना!

शेवटचा बाक, तुमचं म्हणणं टाळत नाही. सराय मुल्क लूट होती, हे खरंच. उलट मी आणखी एक पाऊल पुढे जाते: ज्या रक्तामुळे ती पट्टराणी झाली त्याच रक्तामुळे ती लुटण्याजोगी होती. खलील सुलताननं आजोबांच्या बायका सरदारांना वाटल्या त्या याच हिशेबानं. त्याची लाडकी शादमुल्क साध्या घरची, तैमूर तिला मारायलाच निघाला होता. तेव्हा ‘ती गरोदर आहे’ म्हणून मध्ये पडून वाचवलं ते सराय मुल्कनं. पुढे त्याच शादमुल्कच्या राज्यात थोरल्या बायकांचे असे हाल. तुम्ही म्हणता त्या पाच-सहा नावांच्या मागे किती जणी अशा वाटल्या गेल्या, याची नोंद कुणी ठेवली नाही.

पण एकीनं उत्तर दिलंय. बाबराची आईची आई, ऐसान दौलत बेगम. तिचा नवरा युनूस खान ताश्कंदला शेख जमाल नावाच्या माणसाच्या कैदेत पडला. जमालनं हिला आपल्या एका सरदाराला देऊन टाकलं. हिनं काही तक्रार केली नाही. तो रात्री आला, दार लागलं, आणि आतल्या बायकांनी त्याला सुऱ्यांनी मारून प्रेत बाहेर फेकलं. सकाळी जमालचा माणूस जाब विचारायला आला. ती म्हणाली, मी युनूस खानाची बायको, मला दुसऱ्याला देणं धर्मात बसत नाही, म्हणून मारलं, आता शेखला वाटलं तर मला मारू दे. जमालनं तिला सन्मानानं नवऱ्याकडे पाठवून दिलं. मिर्झा हैदर दुघलातनं लिहून ठेवलेली गोष्ट आहे, तो तिचाच पणतू की काय, नात्यातला.

खडू-डस्टर

पणतू नव्हे, नातू. हैदरची आई खूब निगार, ही ऐसान दौलतची मुलगी, बाबराच्या आईची बहीण. म्हणजे हैदर आणि बाबर मावसभाऊ. नात्यांत घसरलात तर या इतिहासात सगळंच घसरतं.

बाकी तुमच्या आजीच्या मुद्द्याला माझ्याकडून दाखला घ्या. 1494 मध्ये बाबराचा बाप कबुतरखान्यासकट कड्यावरून कोसळून मेला, बाबर अकरा वर्षांचा. काही महिन्यांतच हसन याकूब नावाच्या सरदारानं त्याच्या धाकट्या भावाला गादीवर बसवायचा घाट घातला. निष्ठावंत सरदार जमले ते कुठे? आजीच्या घरी, अंदिजानच्या कोटाच्या दगडी दरवाजापाशी. तिथं ठरलं, तिथूनच सगळे बालेकिल्ल्यावर गेले. हसन याकूब शिकारीला गेला होता, बातमी कळताच पळाला. बाबर लिहितो, सल्लामसलतीत आजीसारख्या बायका थोड्याच, बहुतेक कामं तिच्या विचारानं होत.

गोदाकाठची

सर, चूक मान्य, कान पकडले.

शेवटचा बाक

सुऱ्यांची गोष्ट भारी. माघार घेत नाही, पण गोष्ट भारी. आणि त्या गोहरशादचं शेवटी काय झालं? तुम्ही निशापूरला सोडून दिलंत तिला.

गोदाकाठची

हेरातला परत आली. पुढची दहा वर्षं एका नातवाकडून दुसऱ्याकडे गादी फिरत राहिली. 1457 मध्ये तैमूरच्या दुसऱ्या शाखेतला अबू सईद हेरातेत शिरला. तिचा पणतू इब्राहीम, अलाउद्दौलाचा मुलगा, बाहेर फौज घेऊन होता. आजी त्याला आतून निरोप पाठवते असं कुणीतरी अबू सईदच्या कानावर घातलं. त्यानं तिला मारायचा हुकूम दिला. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. खरे-खोटे निरोप देव जाणे. पण फौजा असलेल्या माणसाला ऐंशीच्या बाईची धास्ती वाटावी, यातच काय ते आलं. हेरातेत तिनं उभारलेला मुसल्ला, म्हणजे मशीद-मदरशांचा समूह, 1885 मध्ये रशियन येणार या भीतीनं इंग्रजांच्या सल्ल्यावरून सुरुंग लावून पाडला. तिची निळ्या घुमटाची कबर आणि मोजके मिनार तेवढे उरलेत.

दूरदेशी

आणि ती बाबराची बहीण? तीही खानजादाच ना? तिच्यावर गाईड रडला होता.

गोदाकाठची

हो, नाव तेच, माणूस वेगळं. 1501 मध्ये समरकंदचा वेढा असह्य झाला, बाबर रात्री निसटला आणि ही उझबेकांच्या शैबानी खानाच्या हाती लागली. बाबर म्हणतो ‘हाती लागली’. त्याची मुलगी गुलबदन म्हणते, लग्न लावून दिलं तेव्हा कुठे वाट मिळाली. भाऊ आणि भाची, दोघं एकच प्रसंग लिहितात आणि क्रियापद बदलतं. शेवटचा बाक यांनी यावर वेगळा धागा काढावा.

1510 मध्ये मर्वला शैबानी मारला गेला आणि इराणच्या शाह इस्माईलनं तिला मानानं कुंदुझला भावाकडे पाठवलं. बाबर आणि त्याचा दूधभाऊ भेटायला आत गेले, बोलले, तरी तिला आणि तिच्या बायकांना कळेना हा कोण. दहा वर्षं झाली होती. थोड्या वेळानं ओळख पटली.

ही पुढे घरातली सगळ्यात वडीलधारी. सगळे तिला ‘आकाजानम’ म्हणत. बाबर गेल्यावर काही वर्षांनी हुमायूनचा सावत्र भाऊ कामरान हट्टाला पेटला की खुतबा (शुक्रवारच्या नमाजातलं राजाचं नाव घेणारं प्रवचन) माझ्या नावानं वाचा. सावत्र आईनं सांगितलं, आकाजानमला विचारा, खरं काय ते तिला माहीत. ही म्हणाली, बाबरानं हयातीत हुमायूनला गादी दिली, तुम्ही सगळे तेव्हा त्याच्याच नावानं खुतबा वाचत होता, तेच चालू द्या. कामराननं शेवटी ऐकलं नाही ते सोडा. 1545 मध्ये याच भावांच्या भांडणापायी ती कंदाहारकडून काबूलला निघाली. साठी उलटलेली. वाटेत ताप भरला आणि तीन-चार दिवसांत गेली.

कढीपत्ता

म्हणजे आत्या शेवटपर्यंत भाच्यांची भांडणंच सोडवत होती. आमच्या घरी दिवाळीला येते ती थोरली आत्या अशीच, फक्त खुतब्याऐवजी सातबारा.